मशीनची बडदास्त

गेली चार वर्षं नवरा व्हेंटिलेटरवर होता आणि ती व्हेंटिलेटरच्या दिमतीला. आजाराने त्याच्या अंगातलं सगळं बळ नेलं होतं, हलायच्या त्या फक्त पापण्या. गळ्याला जोडलेल्या नळीतून मशीन श्वास देई, आणि त्या बदल्यात जावयासारखी बडदास्त मागे. फिल्टर धुवा, सावलीत खडखडीत वाळवा. जरा दमट राहिला की मशीन लागलं कोकलायला. नळीत साचलेलं पाणी त्याच्या गळ्याकडे वळायच्या आत ओता, बॅटरी तपासा. सुरुवातीला तिला रडू यायचं. आता काहीच येत नव्हतं, आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

वर्षाच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिक आला. त्याने नवऱ्याला जोडीचं राखीव मशीन लावून दिलं आणि नेहमीचं मशीन जमिनीवर खोलून बसला. स्क्रू काढता काढता त्याने विचारलं, "मग, काय म्हणते तब्येत?"

"फिल्टर परवाच धुतला. नळी मंगळवारी बदलली. बॅटरी मात्र आता तीनच तास टिकते हं."

"वहिनी, मी भाऊंचं विचारलं."

ती ओशाळली. भाऊंचं तिला ठाऊकच नव्हतं! मशीन गप्प म्हणजे माणूस बरा, असा हिशेब तिच्या अंगवळणी पडला होता. नेहमीचं मशीन उघडं पडलेलं, हाताला काम नाही. तिने कपाटामागून अक्षरांची पाटी काढली. एकेका अक्षरावर बोट न्यायचं, हवं ते आलं की तो पापणी मिटे. कितीतरी दिवसांत ती पाटी हातात घेतली नव्हती.

"बोला, काय होतंय?"

प-वर पापणी मिटली. मग काना, मग य.

तिने पांघरूण सारलं. थंडी पडली तशी ती पायांना पाणी लावत नसे. अंग पुसायचं ते गुडघ्यापर्यंतच. पायमोजा उतरवला. टाचेखाली त्याची घडी पडली होती, तिथली कातडी सोलवटून लालभडक झाली होती.

"अगं बाई! कधीपासून हो? आज?"

पापणी हलली नाही.

"मग किती दिवस?"

त्याने पापण्या मिटायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. ती मोजत राहिली. नवावर तिचं मोजणं थांबलं. तो अजून मिटतच होता.