कानबाईच्या रोटांचा वाटा

श्रावणातला तो रविवार आठवला की अजूनही अंगाची लाहीलाही होते. धरणगावजवळच्या आमच्या घरात खानदेशची देवी कानबाई बसली होती, चुलीवर तिच्या नैवेद्याचे जाडजूड रोट भाजले जात होते आणि मी गोठ्यातल्या बाजेवर आदल्या दिवसापासून कळा सोसत होते. सुईण म्हणाली, मूल आडवं आहे, दवाखान्यात न्या. पण थोरले चुलतसासरे आबा म्हणाले, "आधी रोट व्हवू द्या." बाळ जन्मलं की घराला सोयर लागणार, नैवेद्य बाटणार, म्हणून मी कळा धरून ठेवायच्या! आणि मिशनचा दवाखाना तर नकोच, तिथे धर्म बाटतो म्हणे. मी मनातल्या मनात देवीलाच खडसावलं, "तूही बाईच ना? मग तोंड फिरवून काय बसलीस? आता मी हात टेकले, तुझं तू बघ."

तेवढ्यात अंगणात जीप थांबली. मिशनच्या म्हाताऱ्या गोऱ्या डॉक्टरीणबाई इंजिन तापलं म्हणून पाणी मागायला आल्या होत्या. माझी किंकाळी ऐकून त्या कुणाला न विचारता गोठ्यात शिरल्या. "बठ्ठा बाहेर व्हा! पोर मरी ऱ्हायनी नि तुम्ही रोट भाजी ऱ्हायनात?" त्यांनी अस्सल अहिराणीत सगळ्यांना बाहेर काढलं आणि आबांना असं झापलं की ते गुमान ओट्यावर जाऊन बसले. बाईंनी हात धुतले, बाळ आतल्या आत फिरवलं, आणि माझी मुलगी रडली.

तरुणपणी त्यांच्याच देशात बाई डॉक्टर म्हणून कुणी त्यांना दारात उभं केलं नव्हतं, हे त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं. इकडे आल्या आणि आमच्या आयाबायांची बाळंतपणं करता करता म्हाताऱ्या झाल्या. आणि त्या दिवशी आम्ही त्यांना काय दिलं? ओट्यावर वेगळ्या कपात चहा. कानबाईचे रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत ना!

आबा कुरकुरत होते, "सोयर लागनं, बठ्ठा रोट वाया गयात." तेव्हा त्यांच्यापुढे कधी तोंड न उघडणाऱ्या माझ्या सासूबाई ताट घेऊन बाहेर आल्या. "पोरले पहिला हात हिना लागना, आबा. सोयर हिलेबी लागनं. मंग ही घरनी नही ते कोन शे?" आणि त्यांनी रोट मोडून बाईंच्या हातावर ठेवला.

बाईंनी डोळे मिटून त्यांच्या देवाचं काही पुटपुटलं आणि खाल्ला. कोणता देव धावला, याचा वाद मी घालत नाही. मी हात टेकले आणि कुणीतरी आलं, एवढंच मला ठाऊक आहे. राग मात्र गेलेला नाही, तो जावा असंही वाटत नाही. आता बाई नाहीत. तरी दर श्रावणात पहिला रोट मी बाजूला काढून ठेवते, आणि तो कुणाचा, हे घरात कुणी विचारत नाही.