वृषालीच्या रॅकेटची न तुटणारी तार

माझ्या बायकोचा उजवा कोपर मी बिघडवला. हात न लावता, जिन्यावरून न पाडता, अतिशय चांगल्या हेतूने!

वृषाली कल्याणच्या एका शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी आमचा मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि हिने जाहीर केलं, "मी टेनिस शिकणार." वय वर्षं शेहेचाळीस! मला वाटलं, पंधरा दिवसांत उत्साह ओसरेल आणि रॅकेट माळ्यावर जाईल. (तिथे माझी गिटार आहेच, तिला सोबत झाली असती.) पण कसलं काय! रोज सकाळी सहाला बाईसाहेब डोंबिवलीतल्या आमच्या क्लबच्या कोर्टावर. आणि मारायची इतकं जोरात, की चेंडू येताना दिसला की समोरच्या बायका बाजूला व्हायच्या.

"अगं, खेळतेयस की कुणाला धडा शिकवतेयस?" मी एकदा विचारलं.

"वीस वर्षं वह्या तपासल्यात मी. राग कुठेतरी निघायला नको?"

असं मारल्यावर रॅकेटची तार तुटणारच. दर तीन आठवड्यांनी तुटायची. नवी तार बसवायला, म्हणजे गटिंग करायला, तिचा विश्वास एकाच माणसावर, घोडबंदर रोडवरच्या म्हात्र्यांवर. म्हणजे दर तिसऱ्या रविवारी मी गाडी काढायची, शीळफाट्याला अडकायचं, कळव्याला अडकायचं आणि घोडबंदरला पोचल्यावर खरं अडकायचं!

आता माझ्याबद्दल. मी एमआयडीसीतल्या एका केबल कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघतो. तारा ताणायच्या आणि कधी तुटतात ते लिहून ठेवायचं, हेच बावीस वर्षं करतोय. त्यामुळे तारेच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. (होतं.)

तीन महिन्यांपूर्वी वृषाली आणि तिची जोडीदार शोभाताई क्लबच्या महिला दुहेरीच्या फायनलला पोचल्या. फायनल तीन आठवड्यांवर आणि तार पुन्हा तुटली. शाळेत पेपर चालू होते, म्हणून मी एकटाच म्हात्र्यांकडे गेलो.

"अहो, न तुटणारी तार मिळत नाही का?" मी घाम पुसत विचारलं.

"मिळते की." म्हात्र्यांनी दोन गुंडाळ्या काढल्या. "ही मॅडमची. बारीक धाग्यांची, मऊ. चेंडू मस्त सुटतो, हाताला झटका नाही, पण लवकर जाते. आणि ही एकसंध, कडक. महिनोन्महिने बघायला नको, पण हाताला मार बसतो. मी काय म्हणतो साहेब, उभ्या तारा कडक घालू, आडव्या मऊ. खेळेल पण, टिकेल पण. आणि जरा सैल ठेवू."

"एका कामात दोन जातींचा माल? असला माल मी गेटवरून परत पाठवतो! सगळी कडक घाला. त्यातली सगळ्यात जाड."

"मॅडमना विचारलंत?"

"मॅडमना तारेतलं काय कळतं?"

(हे वाक्य मी मोठ्याने बोललो. दुकानात चार माणसं होती.)

म्हात्र्यांनी सुस्कारा सोडला. "बरं, टेन्शन किती?"

"टेन्शन आहेच हो, फायनल जवळ आलीये!"

"तारेचं टेन्शन, साहेब. मॅडमची पन्नास पौंडांवर असते."

"साठ करा!"

घरी आल्यावर वृषालीने रॅकेट हातात घेतली. "ही काळी का? माझी पांढरी असते ना?"

आता इथे खरं सांगता आलं असतं. सोपं होतं. पण मी म्हणालो, "तीच आहे गं. कंपनीने रंग बदललाय."

तिने विश्वास ठेवला. चोवीस वर्षांच्या संसारानंतर माझ्यावर विश्वास ठेवणारी बाई विरळाच, आणि मी त्या विश्वासाचं काय केलं बघा!

दुसऱ्या दिवसापासून तिचे चेंडू जाळीत जायला लागले. जे जाळीत जात नव्हते ते जाळीपलीकडे जेमतेम पडायचे. समोरच्या बायका आता बाजूला होईनात, उलट पुढे येऊन उभ्या राहायला लागल्या. वृषालीला वाटलं, आपलंच काहीतरी बिघडलं. मग ती सकाळी तासभर जास्त खेळायला लागली. संध्याकाळी गच्चीवर भिंतीशी खेळायला लागली. पोळ्या करतानासुद्धा लाटणं हवेत फिरवून बघायची. (दोनदा मी थोडक्यात वाचलो.)

एका संध्याकाळी ती हात शेकत बसली होती. म्हणाली, "सतीश, ताकदच गेलीये रे माझी. वय झालं बहुतेक."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "लोहाच्या गोळ्या सुरू कर."

आज हे लिहितानाही लाज वाटते. तिचा चेहरा उतरलेला मला दिसत होता. त्याचं कारण मला माहीत होतं, घरात फक्त मलाच माहीत होतं. पण आता सांगितलं तर आधीचं खोटं उघडं पडणार, आणि मनातला क्वालिटी कंट्रोलवाला म्हणत होता, तीन आठवडे होत आले, तार कशी जशीच्या तशी आहे बघ!

फायनलच्या दिवशी वृषाली पहिला सेट दात-ओठ खाऊन खेळली आणि हरली. दुसऱ्या सेटमध्ये सर्व्हिस करताना रॅकेट तिच्या हातातून निसटून खाली पडली. तिने वाकून उचलायला बघितलं, तर बोटं मिटेनात. मॅच तिथेच सोडावी लागली. समोरच्या जोडीने हात मिळवायला हात पुढे केला, तेव्हा हिने डावा दिला.

शोभाताई निवृत्त नर्स. त्यांनी आधी हिचा कोपर दाबून बघितला, मग रॅकेट उचलून तारांवर मूठ आपटली. "अगं बाई! ही तार आहे की खिडकीचे गज? कुणी बसवली?"

वृषालीने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं.

"सतीश, तीच तार आहे ना?"

"टिकावी म्हणून... म्हणजे तू सारखी तोडतेस, तर..."

"किती पौंड?"

"साठ."

शोभाताई म्हणाल्या, "अहो सतीशराव, बायकोला विचारायचं तरी!"

मला वाटलं, आता वृषाली सगळ्यांसमोर फाडून खाणार. मी तयारच होतो. पण ती बाकावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "हरल्याचं काही नाही रे. तीन आठवडे मला वाटत होतं की मी म्हातारी झाले. आणि तू गोळ्या आणून देत होतास."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी उजव्या हाताला तीन महिने सक्त विश्रांती सांगितली. पोळ्या माझ्याकडे आल्या. (त्या अजिबात तुटत नसत.) सकाळी सहाला तिला जाग यायची, मग ती चहा घेऊन खिडकीत बसायची. मी रोज माफी मागायचो. आठवड्याभराने ती म्हणाली, "माफी पुरे. बूट घाल, कोर्टावर चल."

"पण डॉक्टर..."

"ते उजव्या हाताबद्दल बोलले. डाव्याबद्दल त्यांचं काहीच म्हणणं नाही. आणि माझ्याशी हळू खेळेल असं कोणीतरी हवंय."

मी हळू खेळणार होतो, तिची दया येऊन. तशी गरजच पडली नाही. गेले दोन महिने वृषाली रोज सकाळी मला डाव्या हाताने हरवते आहे आणि मी, देवाशपथ सांगतो, जीव तोडून खेळतो आहे!