पुतळाबाईच्या हातचं मीठ

"घरात स्वयंपाक कोण करतं?" डॉक्टरांनी विचारलं, आणि दवाखान्यातल्या त्या एवढ्याशा खोलीत सगळ्यांच्या माना पुतळाबाईकडे वळल्या.

कोंडाजी, तिचा नवरा, दंडावरचा पट्टा सोडवत बसला होता. बीपी वरचं एकशे ऐंशीच्या पुढे गेलं होतं. मुलगा अक्षय दाराशी उभा होता, आणि थोरली नणंद बनूबाई भावाच्या काळजीने चामटोलीहून मुद्दाम आली होती. डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळ्या लिहिता लिहिता, मान वर न करता सांगितलं, "लोणचं-पापड बंद. आणि आजी, मिठाचा हात जरा आखडा."

"कसा आखडनार?" बनूबाई म्हणाली. "मिठागरावरची पोर ती. मीठ घालताना हात सढळच सुटतो तिचा."

सगळे हसले. डॉक्टरही हसले. पुतळाबाईची मात्र कानशिलं तापली.

उरणकडच्या मिठागरावर तिच्या बापाची उभी हयात गेली होती, हे खरं. आई डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहायची, तेव्हा पाटीतलं खारं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं आणि घामोळ्यांवर पडलं की ती दात आवळायची. पोटच्या पोरांना कडेवर घेताना ती आधी हात धुवायची, कारण मिठाच्या हाताने लहान पोराचं अंग चुरचुरतं. त्या घरात मीठ ही उधळायची गोष्ट नव्हती. पण हे दवाखान्यात कुणाला सांगायचं? पुतळाबाईने पदर सारखा केला आणि बाहेर आली. रिक्षात बसल्यावर बनूबाईने तिच्या मांडीवर हात ठेवला, तो तिने उचलून बाजूला केला.

त्या दिवसापासून बेलवलीच्या त्या घरात मिठाची बरणी वरच्या फळीवर गेली. पुतळाबाईने आधी मीठ निम्मं केलं. पुढच्या तपासणीत काही फरक पडला नाही, तेव्हा निम्म्याचंही निम्मं केलं. सुकट बंद केली, सुका बोंबील बंद केला, आणि आगऱ्याच्या घरात सुका बोंबील बंद होणं म्हणजे काय ते आगऱ्यालाच कळेल. लोणच्याची बरणी तिने शेजारी देऊन टाकली. शेवटी शेवटी तर भाकरीच्या पिठातही मीठ पडेनासं झालं. आणि नवऱ्याला अळणी वाढून आपण चवीचं खायचं, हे तिच्याने होईना. तीही तेच गिळायची.

कोंडाजी ताट सरकवायचा. "यो काय जेवन हाय? गवत हाय गवत. म्हशीला घाल."

"डॉक्टरानं सांगितलंय."

"डॉक्टरानं कमी घाल सांगितलंय, मारून टाक नाय सांगितलं."

वर तपासणीत आकडा जिथल्या तिथे. डॉक्टर एक गोळी वाढवायचे आणि चष्म्यावरून बघायचे. "आजी, खरं सांगा. मीठ कमी केलंय ना?"

"केलंय."

"मग हे असं कसं?"

आपण खोटं बोलतोय असं समोरच्याला वाटतंय, हे तिला दिसत होतं. घरी परत येताना तिचं डोकं फणफणायचं. भांडी घासताना ती पातेली अशी आपटायची, की वरच्या मजल्यावरची बाई खिडकीतून वाकून बघायची.

कोंडाजी अंबरनाथच्या एका कंपनीतून रिटायर झाला होता. घरात बसून काय करायचं, म्हणून तो उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या एका बेकरीत जायला लागला होता. गेटवर बसायचं, गाडीत माल भरताना लक्ष ठेवायचं. काम हलकं, माणसं चांगली. शेठ त्याला 'काका' म्हणायचा. पुतळाबाईला तेवढंच बरं वाटायचं, की नवरा दिवसभर माणसांत असतो.

मग एका सकाळी कोंडाजीने चहाचा कप उचलला आणि चहा ओठांच्या एका कडेने शर्टावर ओघळला. त्याने बोलायचा प्रयत्न केला, तर जीभ जड. उजवा हात मांडीवर पडला होता तो पडलेलाच. अक्षयने ऑफिसला जायचं टाकून रिक्षा आणली. वेळेत हॉस्पिटल गाठलं, म्हणून निभावलं.

संध्याकाळी बनूबाई आली. वॉर्डबाहेर नातेवाइकांची गर्दी होती. तिने भावाचं वाकडं तोंड बघितलं, बाहेर आली आणि भिंतीला टेकून रडता रडता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "किती वेळा सांगितलं हिला, मीठ कमी कर, मीठ कमी कर. खाल्लं माझ्या भावाला."

पुतळाबाई समोरच्या बाकावर होती. कुणीतरी 'जाऊ दे गं' असं म्हणालं. पण 'असं नाही' असं कुणीच म्हणालं नाही. अक्षयसुद्धा नाही. तो मोबाइलकडे बघत राहिला. तेवढं तिने नीट बघून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सून, अक्षयची बायको, घरून आली. नेत्रा ठाण्याला नोकरी करायची. दमून घरी यायची, तरी त्या दिवशी सासऱ्यासाठी थर्मासमध्ये गरम सूप घेऊन आली. पाकिटातलं टोमॅटो सूप, पाण्यात टाकून उकळायचं. पाकिटावर हिरवं पान आणि पत्त्यातल्यासारखा लाल बदाम काढलेला. सोबत ब्रेडचे दोन तुकडे. कोंडाजीने चार चमचे घेतले आणि मान फिरवली. नेत्रा म्हणाली, "आई, तुम्ही घ्या ना, सकाळपासून उपाशी आहात."

पुतळाबाईने कप तोंडाला लावला, आणि तिला ठसकाच लागला.

खारट! समुद्रात बुडी मारल्यावर नाकातोंडात जातं, तसं खारट. दीड वर्ष अळणी खाऊन तिची जीभ लहान पोरासारखी कोवळी झाली होती. तिने परत एक घोट घेतला. मग ब्रेडचा तुकडा मोडून नुसता चावला. त्यातही मीठ होतं. गोडसर पावाच्या आत दडून बसलेलं, पण होतं.

"नेत्रा, ह्याच्यात मीठ किती टाकलंस?"

"मी काहीच नाही टाकलं आई. पाकिटात असतं तेवढंच."

"आन् सकाळी ह्यांना ते वाटीत काय भिजवून देतेस?"

"ओट्स. मसाला ओट्स. हेल्दी असतात, बीपीवाल्यांना चांगले."

पुतळाबाईने कप खाली ठेवला. घरी गेली ती तडक स्वयंपाकघरात. नेत्राच्या फळीवरचे ओट्स तिने बोटाने चाटले. सॉसची बाटली, चीज, तयार नूडल्सचा मसाला, बटर, शेवेचा डबा. प्रत्येक वेळी चूळ भरून पुढचं. मग कपाटात कोंडाजीची कामावर न्यायची पिशवी सापडली, तिच्या तळाशी खारीचा चुरा होता. तिने तो जिभेवर ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसली.

सगळीकडे मीठ होतं. ती फळीवरची बरणी उचलायला घाबरत होती, आणि मीठ पिशव्यांतून, डब्यांतून, पाकिटांतून खुशाल घरात येत होतं. तिला रडू आलं नाही. तिला संताप आला.

कोंडाजी घरी आला तेव्हा बोलणं बरंचसं सुधारलं होतं. त्याला भेटायला रविवारी सगळे जमले. बनूबाई सगळ्यांच्या आधी येऊन खुर्चीत बसली होती. पुतळाबाई आतून परात घेऊन आली आणि मधोमध ठेवली. परातीत तिने फळीवरचं सगळं ओतलं होतं, ओट्स, शेव, पिशवीतला खारीचा चुरा, सुपाची पाकिटं, नूडल्सचा मसाला. सगळ्यांसमोर तिने त्यात तांब्याभर पाणी घातलं, हाताने कालवलं, फडक्यातून गाळलं आणि ते लालसर पाणी वाट्यांत भरून एकेकापुढे ठेवलं.

"आई, हे काय चाललंय?" अक्षय उठायला लागला.

"बस. प्या सगळ्यांनी."

"अगं, येड लागलंय का तुला?" कोंडाजी म्हणाला.

"येड मना नाय लागलं. दीड वरस मी तुम्हाला अळनी खायला घातलं. मीपन खाल्लं. आन् तुम्ही सकाळी हे खात होता, दुपारी ते खात होता. सांगा, बेकरीत चहाबरोबर काय खात होता?"

"खारी," कोंडाजी म्हणाला. "कधी बटर, कधी टोस्ट. शेठ आपनच प्लेट पाठवायचा. पन खारीत कुठं मीठ? चहात बुडवून खातात ती!"

"नावातच खार हाय आन् मना इचारता कुठं मीठ?"

अक्षयला हसू फुटलं, पण तिचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. तिने वाटी बनूबाईच्या पुढे धरली. "घ्या वन्सं. माझ्या हातचं मीठ तुम्ही लय ठिकानी सांगितलंत. ह्याची चव बघा. ह्याच्यात माझं चिमूटभर नाय."

बनूबाईने घोट घेतला आणि पदराने तोंड पुसलं. "एकदम एवढं पानी प्यायलं, तर खारट लागनारच," असं काहीतरी पुटपुटली.

"एकदमच जातंय ना पोटात?" पुतळाबाई म्हणाली. "का वाटीवाटीनं वेगळं राहतंय?"

नेत्राच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आई, मी चांगल्यासाठीच देत होते. पाकिटावर बदाम काढलेला असतो..."

पुतळाबाईने तिच्याकडे बघितलं. ह्या पोरीवर तिला राग नव्हता. सकाळी अंधारात निघून रात्री परत येणाऱ्या बाईने पाकीट फोडायचं नाही तर काय करायचं? "तुला नाय बोलत मी," ती म्हणाली. "त्या बदाम काढनाऱ्याला बोलतेय. समोर आला ना, तर ही परात त्याच्या डोक्यावर पालथी घालीन."

पुढच्या तपासणीला ती स्वतः डॉक्टरांसमोर बसली. "तुम्ही मना इचारलंत, स्वयंपाक कोन करतं. ह्यांना नाय इचारलंत, दिवसभर काय खाता."

डॉक्टर गोंधळले. "लोणचं-पापड बंद सांगितलं होतं मी."

"पापड बंदच होता. खारी बंद नव्हती. ब्रेड बंद नव्हता. ते तुम्ही सांगितलंच नाय."

बाहेर पेशंट ताटकळले होते. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं, मग पेन खाली ठेवलं. दिवसाचं सगळं मिळून मीठ चहाच्या एका चमच्याहून जास्त नको, म्हणाले, आणि त्यात बाहेरचंही धरायचं. "बरोबर आहे तुमचं, विचारायला हवं होतं," हेही म्हणाले. पण ते कोंडाजीकडे बघून म्हणाले, तिच्याकडे नाही.

गोळ्या चालू राहिल्या, बेकरी सुटली. आकडा हळूहळू उतरला. कोंडाजीच्या उजव्या हाताची बोटं अजून पुरती मिटत नाहीत, भाकरी तो डाव्या हाताने मोडतो. आमटीत आता बेताचं मीठ असतं, आणि तो ताट सरकवत नाही. नेत्रा दमून आली की अजूनही कधीमधी पाकीट फोडते. त्यावरून घरात वाजतं आणि मिटतं.

लोक म्हणतात, कोंडाजी नशिबाने वाचला. कुणी म्हणतं, डॉक्टर चांगला मिळाला. बनूबाईने आपला शब्द काही मागे घेतला नाही.

यंदा उन्हाळ्यात तीच बनूबाई चक्कर येऊन पडली. बीपी निघालं. पुतळाबाई बघायला म्हणून चामटोलीला गेली. बनूबाई खाटेवर पडली होती, आणि ओटीवर चार बायका बसून तिची सून चांगुणा हिला सुनावत होत्या, सासूला काय खाऊ घालतेस, मीठ किती टाकतेस, जरा हात आवर. चांगुणा चुलीपाशी मान खाली घालून उभी होती.

पुतळाबाईने पिशवी खाली ठेवली नाही, पाणी घेतलं नाही. "उठा सगळ्या इथून," ती ओटीवरच्या बायकांना म्हणाली. मग खाटेपाशी गेली. "वन्सं, पोरीकडं बोट नंतर दाखवा. आधी सकाळपासून तोंडात काय काय टाकलंत ते सांगा. फरसान धरून. मी ऐकतेय."

"माझ्या घरात येऊन माझी उलटतपासनी घेतेस?" बनूबाई कडाडली.

"घेतेय."

बनूबाईने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी तिने भावजयीला जेवायलासुद्धा थांब म्हटलं नाही. पुतळाबाई तशीच उन्हात रिक्षा बघायला रस्त्यावर आली. मागून चांगुणा धावत आली, हाताला पीठ तसंच. "मामी," तिने विचारलं, "पावातपन असतं का हो?"

"असतं," पुतळाबाई म्हणाली. "सावलीत चल, सगळं सांगते."