सात दिवसांचा राजा आणि आबांचे लूम

नव्वदच्या दशकात मी नववीत होते. खानदेशातलं गाव सोडून आम्ही डिंडोलीत, कापड गिरण्यांच्या वस्तीत, एका खोलीत राहायचो आणि माझं तोंड भारी चालायचं. शाळेच्या कपाटातल्या एका जुन्या पुस्तकात मला थायलंडचा एक राजा सापडला. बाप मेला म्हणून गादीवर बसवलेला पोरगा, माझ्याहून थोडाच मोठा. राज्य किती दिवस? सात! पुस्तकानं त्याला जेमतेम अर्धं पान दिलं होतं.

त्याच आठवड्यात वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, कारखान्यातला मास्टर शेठशी भांडून गावी निघून गेला. लूम, म्हणजे कापड विणायचा यंत्रमाग, बिघडला की दुरुस्त करायचा, कारागिरांवर नजर ठेवायची, ही मास्टरची कामं. शेठनं ती लूम चालवणाऱ्या आबांना दिली. झालं, मी सुरू! "या राजे, या!" आबा लाजून हसायचे. रोज जेवताना त्यांना त्या राजाची गोष्ट हवी असायची. मी अर्ध्या पानाला मीठमसाला लावून हत्ती, छत्र, सोन्याच्या होड्या, सगळं सांगायचे. शेवट तेवढा राखून ठेवला होता.

मास्टर झाल्यावर आबांनी आपले लूम स्वतःच्या हातानं एका माणसाला दिले. खानदेशातून, आमच्या शेजारच्या गावाहून, बायकोपोरांसह नुकताच आलेला. आमच्या लोकांत एक होतं. ज्याला आपण कामाला लावलं, त्याला आपणच उठवायचं नाही.

आठव्या दिवशी जुना मास्टर परत आला. शेठचं नि त्याचं जुळलं. "जा, तुझे लूम सांभाळ," शेठ आबांना म्हणाला. आबा लूमपाशी गेले. तो माणूस घाबरून बाजूला झाला. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत उभं केलं, आणि डबा घेऊन भरदुपारी घरी आले.

आईनं कपाळावर हात मारून घेतला. "मांगा ना परत! लाज कसानी?"

"मीच कामले लाया ना त्याले," आबा म्हणाले.

मला असा संताप आला! शेठचा, मास्टरचा, त्या गरीब माणसाचाही. सगळ्यात जास्त आबांचा. पण करणार काय? शाळकरी पोर मी. वहीत डोकं खुपसून बसले.

संध्याकाळी अर्धी भाकरी तशीच ठेवून आबांनी विचारलं, "मंग त्या राजानं काय व्हयनं, माय?"

पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. फार वर्षांपूर्वी गादी सोडून गेलेला जुना राजा फौज घेऊन परत आला. राजाचं रक्त जमिनीवर सांडू नये म्हणून पोराला मखमलीच्या पोत्यात घातलं आणि चंदनाच्या सोट्यानं मारलं. मेला एवढा मान!

"फुढलं पान फाटेल शे," मी ठोकून दिलं.

आबांनी जरा विचार केला. "गया व्हई बिचारा आपला गावले."

आमचं गावातलं घर पडून तेव्हा चार वर्षं झाली होती.

"हां आबा," मी म्हटलं, "गावलेच गया व्हई."