तिसरं पेडल

गिअर बदलताना शरयूताई ॲक्सिलरेटरवरचा पाय क्षणभर उचलायच्या, आणि तेवढ्यात गाडी उचकी लागल्यासारखी अडखळायची. मागचा माणूस हमखास हॉर्न वाजवायचा. मग त्या काच खाली करून शांतपणे म्हणायच्या, "अहो, गाडी विचार करतेय. आपणही करून बघा एकदा."

शरयू लिमये नारायण पेठेत आमच्याच इमारतीत थोरल्या भावाच्या कुटुंबाबरोबर राहायच्या. मी, तायडे, अकोल्याहून नोकरीसाठी आलेला, वरच्या मजल्यावर भाड्यानं. खराडीतल्या ज्या कंपनीत मी लागलो, तिथं त्या माझ्या वरिष्ठ निघाल्या. लहानपणी पोलिओनं त्यांचा डावा पाय गेला होता. पायाला आधाराचा कॅलिपर लावून त्या चालायच्या, आणि कुणी कौतुकानं बोलू लागलं की त्यांचं डोकं फिरायचं. एकदा महिला दिनाला कंपनीनं त्यांना 'जिद्दीची मूर्ती' म्हणून व्यासपीठावर बोलावलं. त्या माइकवर म्हणाल्या, "मूर्ती म्हणता, आणि लिफ्ट बंद पडली की जिन्यानं चालायला लावता. मूर्तीला निदान उचलून तरी नेतात." त्यानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही. लिफ्ट मात्र वेळेवर दुरुस्त व्हायला लागली.

त्यांच्याबद्दल लिहिताना माझं डोकं शांत नाही, आणि ते शांत व्हावं अशी माझी इच्छाही नाही.

गाडी परदेशी होती, दोन माणसांची, कापडी छताची, जमिनीला टेकलेली. कुणा हौशी माणसाकडून त्यांनी ती जुनी घेतली. त्या गाडीत गिअरचा दांडा होता, पण क्लचचं पेडल नव्हतं. दांडा पुढे ढकलला की गिअर वर, मागे ओढला की खाली, आणि क्लच आतलं एक यंत्र दाबायचं. डाव्या पायाला काही कामच नाही. मी एकदा विचारलं, साधी ऑटोमॅटिक का नाही घेतली? त्या म्हणाल्या, "तायडे, जन्मभर मला कुणी ना कुणी नेऊन सोडतंय. ऑटोमॅटिक गाडीही तेच करणार. मला गिअर स्वतः टाकायचाय."

रोज सकाळी मी त्यांच्या शेजारी बसून खराडीला जायचो. त्या गाडीबरोबर नांदणं सोपं नव्हतं. पाय न उचलता गिअर टाकला तर ती मानेला हिसका द्यायची. चढावर ब्रेक सोडला की मागे सरकायची. नगर रस्त्यावरच्या गर्दीत शरयूताई पुढच्या गाडीमागे इंच इंच सरकत नसत. गाडी न्यूट्रलला टाकून थांबायच्या, पुढे चांगली जागा झाली की एकदम जायच्या, कारण रांगत चालवलं तर त्या यंत्राचा क्लच घासून जळतो. मोकळ्या जागेत रिक्षा घुसायच्या, लोक शिव्या द्यायचे. "घुसू दे," त्या म्हणायच्या. "त्यांना लवकर पोचायचंय, मला गाडी चालवायचीय." येरवड्यापुढे रस्ता मोकळा झाला की त्या दांडा पुढे ढकलायच्या, पाय अचूक उचलायच्या, आणि हिसका अजिबात बसायचा नाही. तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिलाय. ऑफिसात तो चेहरा कुणीही पाहिला नव्हता.

त्यांची अट एकच होती, गाडीला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. त्यांचे दादा या अटीला 'शरयूचं खूळ' म्हणायचे.

पुतण्याचं लग्न ठरलं. नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन बँडच्या मागे वाजतगाजत कार्यालयात येणार, तो उघड्या छताच्या गाडीतूनच, असं दादांनी परस्पर ठरवून टाकलं. शरयूताईंनी स्पष्ट सांगितलं, "माणसाच्या चालीनं ती चालत नाही, दादा. जळेल." दादा हसले. लग्नाच्या सकाळी त्या बायकांबरोबर आधीच कार्यालयात गेल्या होत्या. दादांनी खुंटीवरची किल्ली घेतली, गाडीला झेंडूच्या माळा बांधल्या आणि स्वतः चालवायला बसले. नाचणाऱ्यांच्या मागे गाडी रांगत राहिली. कार्यालय दिसू लागलं तेव्हा बँडपेक्षा जळका वास आधी पोचला. शरयूताई फाटकात उभ्या होत्या. "बंद करा," त्या ओरडल्या, पण ताशापुढे कोण ऐकतंय? गाडी तिथंच मेली. वऱ्हाड्यांनी ती ढकलत बाजूला घेतली आणि लग्न मुहूर्तावर लागलं. जेवताना दादा सगळ्यांना सांगत होते, "दिसायला छान, पण तकलादूच हो."

इथपर्यंत मी समजू शकतो. हौसेपुढे माणसाची अक्कल गहाण पडते. पण पुढचं मी समजून घेणार नाही.

जळलेल्या यंत्राचे भाग पुण्यात मिळेनात. एका गॅरेजवाल्यानं दादांना सुचवलं की ही कटकट काढून टाकू, साधा क्लच बसवू, झकास पळेल. दादांनी होकार दिला. शरयूताईंना एका शब्दानं विचारलं नाही, जुनं यंत्र भंगारात गेलं. एका रविवारी गाडी धुऊनपुसून इमारतीखाली उभी राहिली आणि दादांनी बहिणीला हाक मारली. "ये, बघ. तुझी गाडी दुरुस्त करून आणलीय."

मीही खाली गेलो. शरयूताई आत बसल्या. खाली बघितलं. तिथं तीन पेडलं होती. त्यांनी दोन्ही हातांनी आपला डावा पाय उचलला आणि त्या नव्या पेडलवर ठेवला. तो घसरून पडला. त्यांनी पुन्हा ठेवला, तो पुन्हा पडला.

"काम छान झालंय, दादा," त्या म्हणाल्या. "कोणासाठी केलंत?"

"अगं, असं काय करतेस? आता घरातल्या कुणालाही चालवता येईल."

"घरातल्या कुणालाही," त्या म्हणाल्या, आणि किल्ली दादांच्या हातात देऊन जिना चढायला लागल्या. दादा माझ्याकडे वळून म्हणाले, "हिला कशाचं कौतुकच नाही." त्यांना खरोखर काही कळलं नव्हतं. मला त्याचाच जास्त संताप येतो. दुष्टपणाला निदान नाव ठेवता येतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही रिक्षानं जाऊ लागलो. शरयूताईंनी दुसरी गाडी घेतली नाही. मी एकदाच विषय काढला. त्या म्हणाल्या, "राहू द्या, तायडे. पुन्हा कुणीतरी दुरुस्त करेल." पुढे त्या वाघोलीला एकट्या राहायला गेल्या, आणि तिथंच न्यूमोनियाचं निमित्त होऊन वारल्या.

शोकसभेत दादा बोलायला उभे राहिले. बहिणीची जिद्द, बहिणीचा स्वाभिमान. मग म्हणाले, "शेवटी शेवटी तिला गाडी झेपेना. तिनं आपणहून किल्ली माझ्या हातात दिली."

मी उठलो. म्हणालो, "झेपत होती. तुम्ही तिसरं पेडल बसवलंत." सभागृहात सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेजारच्या गृहस्थांनी माझी बाही ओढली. "अहो, ही वेळ आहे का?" मग वेळ कोणती, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी सांगितली नाही, म्हणून इथं लिहिलं.