दोन सीटचं भाडं

उत्तरा गर्गे आमच्या पंचवटीतली. घरी भिक्षुकी, ही मात्र बी.कॉम. झालेली. लहानपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवर असे, पण जिभेला धार. २००३ साली तिला दिंडोरीत द्राक्षांच्या शीतगृहाच्या ऑफिसात नोकरी लागली. मी तिथल्याच शाळेत शिकवत होते, त्यामुळे निमाणीजवळच्या शेअर टॅक्सी स्टँडवर रोज आमची गाठ पडे.

पहिल्या आठवड्यात ड्रायव्हरांनी तिला अगदी पालखीतल्या देवासारखं उचललं. पैसे पुढे केले की कानाला हात. "ताई, तुमच्याकडून भाडं? पाप लागंल!" पण फुकटचं पुण्य रोज कोणाला परवडतं? दुसऱ्या आठवड्यापासून ती दिसली की गाड्या घाईने सुटायला लागल्या. असल्या पुण्यवानांचा मला भारी संताप येई.

तिला दोनदा उशीर झाला तेव्हा मॅनेजरने बजावलं, "पुन्हा उशीर झाला तर उद्यापासून येऊ नका."

दुसऱ्याच सकाळी दोन गाड्या तिच्यादेखत निघून गेल्या. तिसरा नंबर भिकाच्या व्हॅनचा. मी आत बसले होते. त्याने किल्ली फिरवली तशी उत्तराने खुर्ची थेट बंपरसमोर नेली आणि ब्रेक लावला.

"ओ ताई, सरका! गाडी फुल्ल हाय."

"खोटं बोलू नका, दोन जागा रिकाम्या आहेत!" मी आतून ओरडले.

"दोन्ही सीटचं भाडं घ्या," उत्तरा म्हणाली. "आणि मला उचलायचं नाही."

"मग चढणार कश्या?"

तिने मांडीवरची गुळगुळीत फळी दाखवली. "खुर्ची घट्ट धरा. बाकीचं मी बघते."

फळीचं एक टोक खुर्चीवर, दुसरं सीटवर. हातांवर भार देत ती तसूतसूने सरकू लागली. मागच्या गाडीचा हॉर्न थांबेना. आतून कोणीतरी करवादलं, "अहो, उचला की एकदाचं!" तेवढ्यात फळी हलली. भिकाचा हात आपोआप तिच्याकडे गेला.

"हात नको! खुर्ची सोडू नका!"

त्याने दचकून दोन्ही हातांनी खुर्ची आवळून धरली. उत्तरा सीटवर आली तेव्हा तिचे दंड थरथरत होते. भिकाने खुर्ची मिटून तिच्या शेजारच्या सीटवर ठेवली.

दिंडोरीला ती वेळेत पोचली. भिकाने मान खाली घालून पैसे घेतले.

दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यावर दिसताच तो खेकसला, "ओ दोन सीट! नंबर चाललाय माझा, किती वाट बघायची?"

त्या स्टँडवर तिच्यावर कोणी असं कधी खेकसलं नव्हतं. उत्तरा हसत सुटली आणि तितक्याच जोरात ओरडली, "आले, आले! ओरडू नका!"