टाकळ्याचं बी आणि ओलं लुगडं

आक्काला तिच्या सासूनं माहेरी पाठवलं तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता. शाळेच्या अन् दवाखान्याच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद पुसून लातूर रंगवणं चाललं होतं, आणि इकडं रेणापूरच्या बाजूला आमच्या गावात आडाचा तळ दिसत होता. "जिल्हा आला, पाणी न्हाई आलं," असं माय म्हणायची. त्यात आक्का आली. एक पिशवी घेऊन, पोरीला तिकडंच ठेवून. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

आक्का माझी थोरली बहीण. तिला उदगीरच्या पलीकडं, कानडी मुलखाला लागून दिली होती. तिच्या कमरेला, लुगड्याच्या गाठीखाली, लाल कडांचे गोल चट्टे उठले होते. गजकर्ण. जगात कुणाला होत नाही? पण सासूनं ठरवून टाकलं की हा महारोगच. "अंग निवळलं की ये. तवर पोरीला हात लावायचा न्हाई," म्हणून तिला एसटीत बसवलं. पोरगी नुकती कुठं बोलायला लागली होती. दाजी शेजारीच उभे होते म्हणे, आणि उभेच राहिले. मला अजून त्यांचा राग येतो.

मी तेव्हा नांदेडला एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते. शेवटच्या वर्षी स्वतः प्रयोग करून प्रबंध लिहावा लागे. सरांनी विषय विचारला तर तोंडातून निघून गेलं, "गजकर्णावरची झाडपाल्याची औषधं." सरांनी चष्म्यावरून बघितलं. "घरात कुणाला आहे का?" मी म्हटलं, "हाव."

गावी जाऊन आक्काच्या चट्ट्याची कड बोथट पात्यानं खरवडली आणि पडलेला कोंडा कागदाच्या पुडीत बांधून घेतला. "बघ, माझा कोंडासुदिक नांदेड बघाया निघाला, मी बसते इथंच," आक्का म्हणाली आणि हसली. हसायची सवय तिची गेली नव्हती. प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीत साखर घातलेली खळ थिजवून त्यावर तो कोंडा टाकला. हळूहळू पांढरी, कापसासारखी बुरशी वर आली. हीच ती, लेकीला मायपासून तोडणारी. मी तिला शिव्या घातल्या, आधी मराठीत, मग कानडीत.

मग औषधं. करंजाचं तेल झालं, कडुलिंब झाला, राहिला टाकळा. पाऊसच नाही तर टाकळ्याचा पाला कुठून आणायचा? बी मात्र अत्ताराच्या दुकानात मिळालं. ते वाटून स्पिरिटमध्ये भिजवायचं, त्यात कागदाच्या टिकल्या बुडवून वाळवायच्या आणि बुरशी पेरलेल्या ताटलीत ठेवायच्या. एक टिकली नुसत्या स्पिरिटची, नाहीतर बुरशीला मारलं कुणी हे कळणार कसं? नळाला पाणी नसलं की काम बंद. लाईट गेली की सगळंच बोंबललं. किती ताटल्या वाया गेल्या, सांगायची सोय नाही. शेवटी एका सकाळी टाकळ्याच्या टिकलीभोवती स्वच्छ गोल जागा दिसली. बुरशी तिथवर येऊन थांबली होती. मी ओरडलेच. सर म्हणाले, "ताटली म्हणजे अंग नव्हे, पोरी." मला वाटलं, सरांचं आपलं काहीतरीच.

टाकळ्याचं बी ताकात भिजवून, वाटून लावायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. ताक कुठलं आणणार? म्हैस चाराछावणीत होती. मग लिंबाच्या रसात वाटलं. आक्का लेप लावून ओठ चावून बसायची, इतकं चरचरायचं. चट्टा फिका पडायचा, आम्ही खूश व्हायचो, आणि मी पुढच्या खेपेला यावं तर कड पुन्हा लालभडक. आक्का माझ्याकडंच बघत विचारायची, "आता न्यायला येतील का गं?" मी खाली मान घालून पुढचा लेप वाटायला घ्यायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा टँकर दिवस उजाडायलाच आला म्हणून मी उठले, नाहीतर मी कसली उठतेय. पाणी घेऊन आत आले तर आक्का पूजेला बसलेली. आमच्यात आंघोळ करून गळ्यातल्या लिंगाची पूजा केल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. सोवळं-ओवळं आमच्या धर्मात नाही म्हणतात, पण आक्काच्या सासूचा धर्म आमच्या धर्माच्याही वरचा. तिच्या घरी मडी होती. मडी म्हणजे धुतलेलं लुगडं ओलंच नेसायचं, पूजाही ओल्यानं आणि स्वयंपाकही ओल्यानं. आंघोळ तांब्याभर पाण्यात उरकायची, उरलेल्या पाण्यात तेच लुगडं बुचकळून, पिळून पुन्हा कमरेला गुंडाळायचं. मी उठायच्या वेळेला ते वरून वाळलेलं दिसायचं, गाठीखाली मात्र दुपारपर्यंत ओलंच. सासर सुटलं तरी आक्कानं ते सोडलं नव्हतं.

मी कपाळावर हात मारला. "अगं ए बाई! मी वरून बुरशी मारून राहिले, अन् तू खालून तिला पाणी घालून राहिलीस!"

"मडी मोडली कळलं तर ते मला घरात घेतील?"

"अन् अंग निवळलं न्हाई तर घेतील?"

मायनं आमचं भांडण ऐकलं, आक्काला आडोशाला नेऊन कोरडं लुगडं नेसवलं आणि ओलं माळवदावर उन्हात टाकलं. "देव कोरड्या लुगड्याला न्हाई म्हणत न्हाई," म्हणाली.

मग मात्र टाकळ्यानं काम केलं. खाज गेली, कडा बसल्या, नवा चट्टा उठला नाही. जुन्यांच्या जागी तेवढे काळपट डाग राहिले. लातूरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं बघून सांगितलं, रोग गेला, डाग जायला वेळ लागेल. माझं समाधान होईना. मी पुन्हा खरवडून ताटलीत टाकलं आणि वाट बघितली. काही उगवलं नाही. अजून थोडं थांबले. काहीच नाही. रिकाम्या ताटलीकडं बघून मी प्रयोगशाळेत रडले.

ती ताटली नीट बंद करून, फडक्यात गुंडाळून मी आक्काला घेऊन तिच्या सासरी गेले. दाजी शेतात होते. सासू ओसरीवर बसली होती. तिनं ताटली उजेडात धरली.

"ह्यात तर काहीच न्हाई."

"तेच तर मावशी! काहीच उगवलं न्हाई. रोग मेला."

"काहीच न्हाई तर मी बघू काय?" तिनं ताटली खाली ठेवली आणि आक्काचा पदर सारून कमरेवरच्या काळ्या गोलावर बोट रोखलं. "हे काय हाय मग? अन् मडी ठिवली हुती का?"

आक्काला खोटं बोलता येत नव्हतं. मला आलं असतं, पण मला कुणी विचारलंच नाही.

"न्हाई," आक्का म्हणाली.

सासूनं तोंड फिरवलं. तेवढ्यात पोरगी आतून बाहेर आली. उंच झाली होती, केसांत रिबीन होती. आक्का खाली बसली आणि दोन्ही हात पुढं केले. पोरगी ओळखीचं हसली. दोन पावलं आली, आणि एकदम थांबून तिनं आपले हात पाठीमागं धरले.

"नगं," ती म्हणाली. "लागंल."

आम्हाला पाणीसुद्धा न विचारता परत पाठवलं. एसटीत मला रडू आवरेना. मी सासूला, दाजींना, सगळ्या मुलखाला शिव्या देत होते. आक्काच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. ती माझी पाठ चोळत मलाच समजावत होती, "उगी गं, उगी. किती शाणी झालीया माझी पोर. सांगितल्यालं ऐकतीया."